रविवारचे मावळे आणि तळ्याची अब्रू

काय सांगू, आता आमच्या रायगड जिल्ह्यातल्या तळा गावात लाजच उरली नाही. माणसं मजुरीला यायला लागली आहेत, आणि तीही पदरचे पैसे भरून! चांगली शिकलीसवरलेली, बँकेत नाहीतर कंप्युटरच्या कंपनीत चिकटलेली, घरी दिवाणखान्यातला ग्लास स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला चार हाका लागणारी मंडळी शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघतात. इंदापूरला महामार्ग सोडतात, पहाटे आमच्या बाजारपेठेत उतरतात आणि दिवसभर तळगडावर गवत कापतात, झुडपं तोडतात, टाक्यातला गाळ उपसतात. त्यासाठी माणशी वर्गणी. कोणी तीनशे म्हणतं, कोणी सातशे. आमच्या आळीतल्या एका वहिनींनी तर टी-शर्ट धरून हजाराच्या पुढचा आकडा शपथेवर सांगितला, पण वहिनींचे आकडे सोन्याच्या भावासारखे, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे.

शेजारच्या आजींना हे पटवून देताना माझी अर्धी सकाळ गेली. "म्हंजे ते पैशे घेऊन काम करतात." नाही आजी, देऊन. "म्हंजे सरकार देतं त्यांना." नाही, ते देतात. आजी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "घरी काय भांडणं हायेत का त्यांच्या?"

वरवर हसण्यावारी न्यावी अशी ही शंका, पण आमच्याकडे तिच्यावर आठवडाभर गंभीर चर्चा झाली. एका गटाचं म्हणणं, रविवारी घरी राहिलं की सासू-सून-पंखा-जाळी अशी कामं मागे लागतात, त्यापेक्षा गड बरा. गडावर जाळी काढली तर टाळ्या मिळतात. दुसऱ्या गटाचं म्हणणं, यात लग्न जमवण्याचा भाग आहे. हे मी थट्टेने सांगत नाही. आमच्या नाश्त्याच्या टपरीवाल्याने स्वतः पाहिलंय की दिवाळीनंतरच्या मोहिमेला जो मुलगा आणि जी मुलगी दोन वेगळ्या गाड्यांतून आली, तीच दोघं माघातल्या मोहिमेला एका मोटारसायकलवरून उतरली. पुढे लग्नाआधीचे फोटो काढायला थेट बुरुजावर! नवरदेवाच्या डोक्यावर जिरेटोप, नवरीच्या नाकात नथ आणि पायात पांढरे बूट. बूट फोटोत येणार नाहीत असं फोटोवाल्याने सांगितलं होतं म्हणे.

खरा कहर झाला तो भातकापणीच्या दिवसांत. पाऊस उलटला की गडावरचं गवत छातीएवढं होतं, म्हणजे गवतकापणीची मोहीम लागते ती नेमकी आमच्या भातकापणीच्या वेळी. खाली शेतात भात आडवं पडलंय, माणूस मिळत नाही. मिळालं तर सकाळचा चहा, दुपारचं जेवण, हातात मजुरी आणि वर 'बघतो उद्या' असं तोंड. आणि वर गडावर साठ-सत्तर हात फुकटात, नव्हे वर्गणी भरून, गवत कापतायत! खालच्या आळीतल्या एका काकूंनी कमरेला पदर खोचला आणि थेट टीमच्या पुढाऱ्याला गाठलं. म्हणाल्या, "दादा, गवतच कापायचंय ना? माझ्या खाचरात या. विळे माझे, भाकरी माझी, नि वर्गणी नको." पोरगा मर्यादशील होता. हात जोडून म्हणाला, "काकू, आमची मोहीम गडासाठी आहे." काकू आजही तो प्रसंग सांगतात आणि दर वेळी त्यांच्या खाचराचं क्षेत्रफळ वाढत जातं.

काकूंचा राग अगदीच अस्थानी नाही. आमच्या तळ्याची तरणी पोरं मुंबईला गेली, काही आखातात गेली, आणि मुंबईची तरणी पोरं रविवारी आमच्याकडे आली. हिशेब जुळतो असं वाटेल, पण जुळत नाही. गेलेली बारा महिन्यांची गेली, आलेली सहा तासांची आली.

आता त्यांच्या पोशाखाबद्दल. काळा टी-शर्ट, पाठीवर राजमुद्रा नाहीतर वाघनखं, पुढे टीमचं नाव. हातमोजे. कपाळावर चंद्रकोर. डोंगरात चालायचे बूट, ज्यांच्या किमतीत आमच्याकडे शेळी येते. सकाळी सातला पायथ्याशी गारद देतात. आवाज असा की कोंबडे वरमून गप्प बसतात. नुकत्याच निजवलेल्या बाळाची आई खिडकीतून काय म्हणाली ते मी इथे लिहू शकत नाही, पण महाराजांविषयी तिला अपार आदर आहे हे तिने दुसऱ्या दिवशी आवर्जून सांगितलं.

मग साखळी. ही पाहण्यासारखी असते. टाक्याच्या काठापासून उतारापर्यंत माणसं ओळीने उभी, घमेलं हातोहात सरकतंय, तोंडाने घोषणा. गाळ खरोखर निघतो, त्यात वाद नाही. पण आमचा एक खबऱ्या (गुरं चारायला वर असतो, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही) सांगतो की एक घमेलं ओळीच्या टोकाला गेलं, आणि फोटोवाला म्हणाला, "सूर्य डोळ्यावर आला, परत एकदा." तेच घमेलं परत आलं. भरलेलंच. मग पुन्हा गेलं. खबऱ्याच्या मते त्या दिवशी त्या एका घमेल्याने अख्ख्या गडाचा घेर पुरा केला.

फोटोचं व्याकरणही ठरलेलं आहे. आधीचा फोटो उदास. गवत, काटे, दाटलेलं आभाळ, आणि शक्य झाल्यास एखादी रिकामी बाटली. नंतरचा फोटो लख्ख, ऊन, भगवा, सगळे हसतायत. बाटली जर आधीच्या फोटोत नसेल तर नंतरच्या मोहिमेत असते, कारण कुठल्याशा रविवारच्या मंडळींनी ती तिथे सोडलेली असते. आम्ही तळेकर यात नाही. आम्ही गडावर कचरा टाकत नाही, कारण आम्ही गडावर जातच नाही.

तर खरं दुखणं इथे आहे, आणि ते दाबून ठेवण्यात अर्थ नाही. बाहेरची माणसं येऊन आमचा गड साफ करतात ही गोष्ट आमच्या अब्रूला लागते. आपल्या घरी पाहुणी यावी आणि तिने न विचारता ओट्याखालचा कोपरा घासायला घ्यावा, तसं. वर काही बोलताही येत नाही, कारण कोपरा घाणेरडा होताच. कोकणातल्या गडांना ही सवय जुनी आहे. १८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात रायगडावरच्या महाराजांच्या समाधीची दुर्दशा लिहिली, आणि मग इकडे सभा झाल्या, वर्गण्या निघाल्या. म्हणजे बाहेरच्याने येऊन नाक मुरडलं की आपलं रक्त उसळतं, ही रीत काळ्या टी-शर्टांच्या फार आधीची.

आणि गड काय ऐरागैरा आहे? १६४८ मध्ये तळा आणि शेजारचं घोसाळा हे दोन्ही महाराजांकडे आले. अफझलखान चालून आला त्या धामधुमीत, १६५९ साली, जंजिऱ्याच्या सिद्दीने तळगडाला वेढा घातला, आणि खान मारला गेल्याची बातमी कळताच तो उठवून चालता झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मिर्झाराजांना तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले. त्या बारांत तळा आहे! रायगड, राजगड, तोरणा यांच्या पंगतीला बसलेला आमचा गड. १८१८ मध्ये इंग्रजांच्या प्रॉथरने तो घेतला आणि त्यानंतर तो गुरं, गवत आणि आम्ही यांच्या ताब्यात राहिला.

आता गंमत पाहा. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. किती? बाराच! त्यात आमच्या रायगड जिल्ह्यातले दोन, रायगड आणि खांदेरी. तळा नाही. त्या दिवशी आमच्या नाक्यावर जी चर्चा झाली ती पॅरिसमध्ये ऐकू गेली असती तर यादी बदलली असती. "महाराजांच्या बारांत हाय, नि ह्यांच्या बारांत नाय?" एका गुरुजींनी समजावलं की ही यादी वेगळ्या कसोट्यांवर ठरते, डोंगरी, बेटावरचे, समुद्रकाठचे असे निरनिराळे नमुने घेतात, त्यांत तमिळनाडूतला जिंजीसुद्धा आहे. जिंजीचं नाव निघालं आणि गुरुजींना चहा अर्धा टाकून उठावं लागलं. पण या निकालाचा एक परिणाम चटकन झाला. यादीतल्या गडांवर आता शिस्त आली, पुरातत्त्व खात्याचा डोळा आला, म्हणून मोहिमा यादीबाहेरच्या गडांकडे वळल्या अशी आमच्याकडची समजूत आहे. म्हणजे युनेस्कोने आम्हाला मान दिला नाही, पाहुणे मात्र दिले.

बरं, ही स्वयंसेवेची हौस आमच्या किनाऱ्याला नवी नाही. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पाद्री सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला उतरले. त्यांनी शाळा काढल्या, तापाने आजारी पडले, काही दगावले, पण बाकीचे राहिले. त्यांतले जॉन स्टीव्हन्सन मराठी इतकी शिकले की त्यांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, आणि पुढे मुंबईत बसून नाशिक-कान्हेरीच्या लेण्यांमधले लेख वाचत राहिले. आले होते आम्हाला सुधारायला आणि अडकले आमच्या दगडांत. त्यांच्या धर्माबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो, मुक्कामाच्या बाबतीत मात्र रविवारच्या मंडळींनी त्यांच्याकडून शिकावं. आमच्या पिढीला राष्ट्रीय सेवा योजनेची मुलंही आठवतात. ही योजना १९६९ सालची, गांधी शताब्दीच्या वर्षातली. कॉलेजची मुलं सात दिवस गावात राहायची, शोषखड्डा खणायची, रात्री पथनाट्य करायची. शोषखड्डे बुजले, पण सात दिवसांत कोणाच्या घरी कसली आमटी असते हे त्यांना कळायचं.

हे मी बोलत होते तेवढ्यात शेजारच्या मामींनी आपला हुकमाचा पत्ता टाकला. त्यांचा नातू न्यूजर्सीला असतो. तिकडे म्हणे शाळेची मुलं सुट्टीत मध्य अमेरिकेत जातात, ग्वाटेमाला नाहीतर होंडुरासला, दहा दिवस. घरं बांधतात, शाळा रंगवतात. सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट! चर्चच्या मंडळींसाठी ते धर्मकार्य, कॉलेजात प्रवेश हवा असलेल्यांसाठी अर्जात लिहायला चार ओळी. मामींनी फोटो दाखवला. नातू शिडीवर, हातात ब्रश, मागे निळी भिंत, शेजारी तिथलं एक उघडं पोर कॅमेऱ्याकडे अविश्वासाने बघतंय. मामींना अभिमान. मी विचारलं, "मामी, ह्याने तुमच्या माजघराला कधी चुना लावलाय का?" त्यावर मामींनी फोन बंद केला आणि दोन दिवस आमच्याकडे दही विरजायला मागितलं नाही.

पण होंडुरासची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, म्हणून मी ती सोडणार नाही. १९९८ च्या ऑक्टोबरात तिथे मिच नावाचं चक्रीवादळ आलं आणि देश उद्ध्वस्त झाला. उत्तर अमेरिकेतून स्वयंसेवकांच्या झुंडी घरं बांधायला गेल्या. तिथेच राहणाऱ्या कर्ट व्हेर बीक नावाच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी नंतर शांतपणे पाहणी केली. पाहुण्यांनी बांधलेली घरं आणि तिथल्या संस्थांनी बांधलेली घरं, यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात काय फरक पडला? सांगण्याजोगा काहीच नाही. खर्चात? विमानाची तिकिटं वगैरे धरून पाहुण्यांच्या एका घराला साधारण तीस हजार डॉलर, आणि गावच्या माणसांनी बांधलं तर दोन हजार. म्हणजे एका घराच्या पैशांत पंधरा उभी राहिली असती, आणि गावच्या गवंड्याला कामही मिळालं असतं. बरं, हे पाहुणे परत जाऊन जन्मभर दानशूर होतात म्हणावं, तर तेही फारसं दिसलं नाही. चार दिवस भारावले आणि मग रोजच्या घाईला लागले.

आमच्याकडच्या काकूंना हे सांगितलं तर त्यांनी एका वाक्यात आढावा घेतला: "मंग पैसेच धाडायचे ना, येयाचं कशाला?" होंडुरासच्या लोकांनीही जवळपास हेच म्हटलं होतं, फक्त स्पॅनिशमध्ये.

तळ्याचा हिशेब मात्र तितका सरळ नाही, आणि मला इथे रविवारच्या मावळ्यांची बाजू थोडी घ्यावी लागते (हे आळीत कोणाला सांगू नका). होंडुरासमध्ये गवंडी होते आणि त्यांचं काम पाहुण्यांनी घेतलं. तळगडावर कोणाचं काम गेलं? कोणाचंच नाही, कारण ते काम कोणी करतच नव्हतं. उलट बचत गटाच्या बायकांना सत्तर माणसांचं जेवण मिळालं. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सुकटीची चटणी, आणि ताटाला मोजून पैसे. पहिल्या वेळी त्यांनी लाजत भाव सांगितला. आता आधी निम्मी रक्कम ऑनलाइन घेतात. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मंडळींना पोपटी हवी असते. मडकं, भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी, भोवती जाळ. एका पुणेकर मुलीने विचारलं, "यात पोपट कुठे असतो?" तिला कोणी हसलं नाही, फक्त तिचं नाव आता आळीत पोपटीण पडलंय आणि ती येते तेव्हा सगळे कौतुकाने दार उघडतात.

पण गडाचं काम नुसत्या उत्साहावर भागत नाही, आणि इथे मात्र माझी थट्टा जरा बाजूला ठेवते. तटात वड-पिंपळ उगवला की तो उपटायचा मोह होतो. उपटला तर मुळाबरोबर दगड येतात, दगडांबरोबर तट येतो. तो वरून छाटून, मुळं औषधाने मारून, मग फटी भरायच्या असतात. त्या भरायच्या चुन्याने. जुन्या बांधकामात चुन्याचं मिश्रण घाणीत मळून घेत, त्यात गूळ, हिरडा असलं घालत. तो चुना भिंतीबरोबर श्वास घेतो. तिथे सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं आणि दोन-चार पावसांत दगडच फुटायला लागतो. टाक्यातला गाळ काढला तर तो दरीत भिरकावून चालत नाही, चाळावा लागतो. त्यात खापरं, नाणी, तोफगोळे, काहीही असू शकतं, आणि ते जिथे मिळालं ती जागा टिपली नाही तर त्याचा इतिहास तिथेच मेला. हे सगळं करायचं पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन, त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली. आता या सगळ्यात रीलला जागा कुठे? चुना मुरायला वेळ लागतो, आणि रविवारची गाडी पाचला सुटते.

म्हणून मी मंडळींत भेद करते. एक टीम येते ती भगवा रंग घेऊन. दिसेल तो दगड रंगवायचा, फलक लावायचे, फलकावर पुढाऱ्याचा फोटो महाराजांपेक्षा किंचित लहान. किंचितच. आणि एक टीम येते जिच्यात केस पिकलेले एक गृहस्थ असतात. ते फारसं बोलत नाहीत. पोरं पिंपळाला हात घालायला गेली की "अरे थांब" एवढंच म्हणतात. एकदा त्यांनी अख्खी सकाळ कोणालाच काम करू दिलं नाही, नुसतं टाक्याचं माप घ्यायला लावलं. पोरं वैतागली, फोटो मिळाला नाही, पुढच्या वेळी निम्मी आली नाहीत. आमच्या खबऱ्याच्या मते गडाचं भलं झालं ते त्याच रविवारी.

आणि नावाच्या हौसेवरून मी कोणाला फार टोचणार नाही, कारण आमच्याच तालुक्यात त्याचा दोन हजार वर्षांचा पुरावा आहे. मांदाडच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत, सव्वीस लेणी, सगळी बौद्ध. मांदाड म्हणजे ग्रीकांच्या पुस्तकांतलं मंदगोरा बंदर असं पुष्कळ विद्वान मानतात. तर त्या लेण्यांत भिंतीवर दात्यांची नावं कोरलेली आहेत. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये ती वाचून छापली. कोण होते हे दाते? माळी, वैद्य, भिक्षुणी, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. आणि त्यांत तर एक अख्खं कुटुंब! महाभोज म्हणजे इथल्या सत्ताधीशाच्या पदरी असलेला शिवभूती नावाचा लेखक, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी कारकून, त्याने लेणं दिलं. धाकटा भाऊ शिवम याने कोरीवकाम दिलं, पण एकट्याने नाही, बायको विजया आणि मुलांच्या नावांसकट. आणि खांब? खांब मुलींनी दिले, त्यांचीही नावं वेगळी लिहून!

डोळ्यांसमोर आणा त्या घरातली चर्चा. "थोरल्याने लेणं दिलं, मग आपलं नाव कुठे?" "आपण हत्ती देऊ." "आणि माझ्या मुलींचं?" "त्या देतील खांब." कुठल्या खांबावर कोणाचं नाव आधी, यावरून मांदाडच्या आळीत काय काय बोललं गेलं असेल! कारकुनाच्या पगारात लेणं कसं परवडलं, यावर तर महिनाभर कुजबुज झाली असणार. टी-शर्ट नव्हते, एवढाच फरक. पण शिवभूतीची हौस भागली तेव्हा मागे लेणं उरलं, दाराशी दगडी हत्ती उभे राहिले, भिक्षूंना पावसाळ्यात कोरडी जागा मिळाली. रविवारच्या मावळ्यांच्या नावाखाली काय उरेल, हा हिशेब त्यांनी करायचा. फलक तर पहिल्या वळवाला उडतो.

कुड्याला जायला मात्र मोहीमवाले फारसे तयार नसतात. एक तर ते केंद्राचं संरक्षित स्मारक, तिथे झाडू घेऊन गेलात तर कोणीतरी कागद विचारणार. दुसरं म्हणजे तिथे गारद द्यायची की काय करायचं ते ठरत नाही. आमच्या पोपटीणीने एकदा हट्टाने गाडी तिकडे वळवली. म्हणे, आत शिरल्यावर सगळे आपोआप हळू बोलायला लागले, आणि एकाने खांबावरचं अक्षर बोटाने गिरवायला घेतलं तर तिनेच त्याच्या हातावर चापट मारली. पोपटीण वाया गेलेली नाही, असं माझं मत त्या दिवसापासून आहे.

आता ताजी बातमी, आणि ही माझ्याकडून फुटली असं सांगू नका. आमच्या तळ्याच्या पोरांनीही टीम काढली! नाव ठरलं, टी-शर्ट छापले (काळेच), पाठीवर काय छापायचं यावर दोन रात्री भांडण झालं आणि शेवटी वाघ आला. आळीत आनंदीआनंद. अखेर आपला गड आपली माणसं राखणार. आजींनी डोळे पुसले. काकूंनी, उगाच आशेने, विळ्याला धार लावून ठेवली. पहिली मोहीम जाहीर झाली ती घोसाळगडावर. दुसरी अवचितगडावर. तिसरीसाठी बस ठरवलीय, दोन दिवसांची, थेट नाशिककडे साल्हेरला, माणशी वर्गणी दीड हजार.

तळगडाचं काय, म्हणून मी आमच्या टीमच्या पुढाऱ्याला विचारलं. शेजारच्याच घरातला तो, लहानपणी माझ्या मांडीवर वाढलेला. म्हणाला, "मावशी, तळगड काय, घरचाच आहे. कधीही जाता येतं. आणि रविवारी तिथे पुण्याची टीम असते, गर्दी होते."

त्याच्या आईने आतून ओरडून विचारलं की माळ्यावरचा पेंढा कधी उतरवतोस. तो म्हणाला, सोमवारी. सोमवारी त्याची पाठ धरली होती.

काकूंनी आता दुसरा डाव टाकलाय. त्यांनी बचत गटाच्या पोरीकडून मोबाइलवर जाहिरात करून घेतली आहे: पारंपरिक भातकापणीचा अनुभव, विळा जागेवर मिळेल, खाचराच्या बांधावर फोटोची सोय, दुपारी भाकरी-सुकट, माणशी पाचशे. मुंबईहून अकरा जणांनी नावं नोंदवली आहेत. काकू आता टी-शर्टाचा रंग शोधतायत.